गाणाऱ्यांच्या ओळीत बीम अक्षरांप्रमाणे आपोआप कसे लावायचे? (लिलीपॉन्ड, म्युझस्कोअर, देवनागरी शब्द)

तापीकाठ

बठ्ठास्ले राम राम.

शाळेच्या समूहगानासाठी आखाजीची आणि कानबाईची, म्हणजे आपल्या खानदेशी सणांची, अहिराणी गाणी स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) मांडायचं काम चालू आहे. दोन आवाज, साथीला पेटी, शब्द देवनागरीत, एकेक गाणं ५-६ कडव्यांचं. लिलीपॉन्ड २.२४ (लिहिलेल्या आज्ञांवरून स्वरलिपी छापणारा प्रोग्राम) वापरतोय.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. फाईलमध्ये त्या रोमन लिपीत, मधे जागा न सोडता, आधी उलटी तिरपी रेघ देऊन लिहायच्या. आकडेही इंग्रजी.

हवं आहे ते असं: एका अक्षराला एकच स्वर असेल तर तो आठांश (पूर्ण स्वराचा आठवा भाग) सुटा, स्वतःच्या शेपटीसह दिसावा. एका अक्षरावर दोन-तीन स्वर फिरत असतील तर तेवढेच बीमने (दांड्या जोडणाऱ्या जाड रेघेने) बांधलेले दिसावेत. प्रोग्राम मात्र सरसकट चार-चार आठांश बांधतो.

नमुन्यासाठी जुळवलेली ओळ. केरवा, म्हणजे ४/४ च्या एका बारमध्ये ८ आठांश:

सी८ डी ई[ डी] ई एफ[ ई] डी
आ -- खा -- जी -- ना झो -- का

ऑटोबीमऑफ (आपोआप बीम बंद करणारी आज्ञा) दिलं की हे बरोबर येतं: "जी"वर दोन स्वर, "झो"वर दोन स्वर. ऑटोबीमऑफ काढलं की शब्दच सरकतात. "ना" चौथ्या स्वरावर येतो, "झो" पाचव्यावर, "का" सहाव्यावर आणि शेवटचे २ स्वर उघडे पडतात. बीमचा आणि शब्दांचा संबंध काय? आणि ४० पानांत हाताने कंस न टाकता हे होईल का?

---

भुसावळ_जंक्शन

तापीकाठ भाऊ, संबंध आहे आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे.

लिलीपॉन्ड शब्द बसवताना प्रत्येक स्वराला विचारतं की इथे आधीचं अक्षर चालूच आहे का. "हो" हे उत्तर तीन गोष्टींवरून मिळतं. स्वर टायने (एकाच सुराचे दोन स्वर जोडणाऱ्या कमानीने) जोडलेला असेल, स्लरच्या (वेगवेगळ्या स्वरांवरच्या कमानीच्या) आत असेल, किंवा हाताने बांधलेल्या बीममध्ये असेल. तिसऱ्या गोष्टीला एक अट आहे: त्या आवाजात आपोआप बीम बंद असला पाहिजे. तुम्ही ऑटोबीमऑफ काढलंत तेव्हा ती अट मोडली. चौकोनी कंस नुसते दिसण्यापुरते उरले, आणि शब्द दर स्वराला एक या हिशेबाने पुढे गेले. म्हणून शेवटचे २ स्वर उघडे.

त्यामुळे पहिला नियम: एका अक्षरावर एकापेक्षा जास्त स्वर असतील तिथे स्लर टाकाच, बीम असो वा नसो.

सी८ डी ई([ डी)] ई एफ([ ई)] डी

आता ऑटोबीमऑफ ठेवा किंवा काढा, शब्द हलणार नाहीत.

केवळ बीमवर शब्द टांगणं आणखी दोन ठिकाणी फसतं. एक, अक्षर बारच्या रेघेपलीकडे जातं तेव्हा. बीम रेघेपाशी तोडून पुढे नवा सुरू करणं योग्य, पण तोडला की लिलीपॉन्डच्या लेखी अक्षर संपलं, आणि नव्या बारच्या पहिल्या स्वरावर पुढचं अक्षर येऊन बसतं. दोन, त्या फिरतीत पाव स्वर असेल तेव्हा. पाव स्वराला शेपटीच नाही, तो बीममध्ये बसत नाही. जबरदस्तीने कंसात घेतला तर दांडी बीममध्ये बसत नाही अशी ताकीद येते. स्लरला या दोन्ही अडचणी नाहीत.

स्लर सगळीकडे टाकून झाले की बीमचा शब्दांशी संबंध कायमचा तोडता येतो. आवाजाच्या सुरुवातीला सेट मेलिस्माबिझीप्रॉपर्टीज देऊन यादीत तीनच नावं ठेवा: मेलिस्माबिझी, स्लरमेलिस्माबिझी, टायमेलिस्माबिझी. बीममेलिस्माबिझी गाळा. मग बीम हा फक्त बीम राहतो.

दुसरी गोष्ट, ऑटोबीमऑफ कुठे लिहिलंय ते पाहा. निम्म्या तक्रारी इथल्या असतात. ही आज्ञा आवाजाला लागू होते, स्टाफला नाही. ताल, स्वरपट्टी आणि ऑटोबीमऑफ एका "ग्लोबल" नावाच्या चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवून स्टाफच्या दुहेरी कोनी कंसात तो चल आणि शेजारी न्यू व्हॉइस असं लिहिलं, तर ग्लोबलसाठी लिलीपॉन्ड आपणहून एक वेगळा, न दिसणारा आवाज काढतं. बीम त्या रिकाम्या आवाजात बंद होतो आणि खऱ्या आवाजात चालूच राहतो. चूक म्हणून काही छापून येत नाही, त्यामुळे माणूस शोधत बसतो. दोन ओळी तात्पुरत्या वेगळ्या करायला दुहेरी उलटी रेघ वापरली की तिथेही नवे आवाज जन्मतात आणि त्यांना जुनी आज्ञा ठाऊक नसते.

म्हणून आवाजापेक्षा वरच्या पातळीवर सांगा. गाणाऱ्यांचे सगळे स्टाफ एका कॉयरस्टाफमध्ये घ्या आणि त्यालाच विथ देऊन महिरपी कंसात ऑटोबीमिंग = ##एफ लिहा. आतले सगळे आवाज, तात्पुरते धरून, ते पाळतात. पेटी वेगळ्या पियानोस्टाफमध्ये ठेवा, तिचे बीम नेहमीसारखे आपोआप लागतील. लेआउटमध्ये व्हॉइसलाच सरसकट बंद करू नका, पेटीचे सोळांशही सुटे होतात आणि वादकाला ते वाचवत नाहीत.

अक्षरांचं मोठं-लहानपण सांभाळा. ऑटोबीमऑफमध्ये "बी" मोठा आणि "ऑफ"चा "ओ" मोठा. ऑटोबीमिंगमध्ये फक्त "बी" मोठा.

---

सातपुडा_पायथा

म्युझस्कोअर हा स्वरलिपीचा दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवतो.

म्युझस्कोअरमध्ये बीमचा शब्दांशी काहीही संबंध नाही. कंट्रोल-एल दाबून शब्द लिहिताना स्पेस दिली की पुढच्या स्वरावर, हायफन दिलं की त्याच शब्दाच्या पुढच्या अक्षरावर. शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवायचं असेल तर खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोअर. स्लर आहे म्हणून ते आपोआप उडी मारत नाही, तुम्हालाच पुढे जावं लागतं.

बीमसाठी सोपी वाटणारी रीत अशी: गाणाऱ्याचा पूर्ण स्टाफ निवडायचा, बीम प्रॉपर्टीजच्या पॅलेटमधून "नो बीम" द्यायचं, मग हवे ते स्वर निवडून "जॉइन". हे अर्धवट चालतं. पहिल्या स्वरावर "नो बीम" राहिलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्यावर कितीही "जॉइन" दिलं तरी जुळत नाही. पहिल्यावर आधी "ब्रेक लेफ्ट" द्या (आवृत्ती ३ मध्ये "स्टार्ट बीम"), मग दुसऱ्यापासून पुढे "जॉइन".

याहून कमी कष्टाची रीत तालचिन्हातून जाते. तालचिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये "नोट ग्रुप्स" आहे. आठांश आणि सोळांशाच्या ओळींत प्रत्येक स्वरावर क्लिक करून गट तोडून टाका. आता डिफॉल्टच "सुटे स्वर" असा होतो. प्रत्येक स्वर "ऑटो"वर राहतो, त्यामुळे फिरतीच्या दुसऱ्या स्वराला नुसतं "जॉइन" पुरतं. असं तालचिन्ह कंट्रोल दाबून फक्त गाणाऱ्याच्या स्टाफवर सोडा. कंट्रोल न दाबता सोडलं तर पेटीचेही गट तुटतात.

---

पेटीवाले_अमळनेर

आज्ञा तुम्हां लोकांना जास्त माहीत. पण मला मूळ मागणीच तपासून घ्यावीशी वाटते. अक्षराप्रमाणे बीम लावायचा हट्ट या गाण्यांसाठी बरोबर आहे का?

आपली मुलं आधी भातखंडे लिपी शिकलेली असतात. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत लय आणि शब्द यांची खूण एकत्र नाहीच. एका मात्रेत जितके स्वर, तितक्यांच्या खाली चंद्रकोर. अक्षर लांबलं की शब्दांच्या ओळीत अवग्रह (ऽ). तुमचीच ओळ:

सा रे ग रे | ग म ग रे
आ खा जी ऽ | ना झो ऽ का

इथे दर मात्रेला एकच स्वर, म्हणून कोर नाही. सोळांश आले की दोन-दोनांखाली कोर येईल, मग अक्षर एक असो की दोन. कोर मात्रेची, अवग्रह अक्षराचा. मुलाला दोन वेगळ्या जागी दोन वेगळ्या गोष्टी पाहायची सवय आहे.

अक्षराप्रमाणे बीम ही पाश्चात्त्य गायनाच्या छपाईतली जुनी रीत. तिथे एकाच खुणेवर दोन्ही ओझी: शेपटी म्हणजे नवं अक्षर, बीम म्हणजे जुनंच अक्षर. लय मग डोळ्याने नव्हे, मोजून शोधावी लागते. नव्या रीतीत बीम मात्रेप्रमाणे आणि अक्षर स्लरने दाखवतात. ही नवी रीत भातखंडे लिपीच्या जवळची आहे.

मुख्य कारण तर कडवी. दुसऱ्या कडव्यासाठी अशीच एक ओळ घ्या:

का न बा ई | ना रो ऽ ट

पहिल्या कडव्यात ६ अक्षरं, दुसऱ्यात ७. पहिल्यात तिसरा-चौथा स्वर मिळून एक अक्षर "जी", दुसऱ्यात त्याच जागी "बा" आणि "ई" अशी दोन. बीम कोणत्या कडव्याप्रमाणे लावणार? "जी"साठी बांधला तर "बाई" गाणाऱ्या मुलाला तो खोटं सांगतो. जात्यावरच्या आणि झोक्यावरच्या गाण्यांत कडव्यागणिक अक्षरं कमी-जास्त होतातच, गाणारी बाई ती गाताना जागेवर बसवते. एक बीम सहा कडव्यांना खरा ठरूच शकत नाही.

एक धोकाही सांगतो. भातखंडे लिपीत मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची) खूण स्वरांच्या वरची कमान आहे. स्टाफवरचा स्लर तसाच दिसतो आणि मुलं त्या जागी मींड घ्यायला लागतात. पहिल्या पानावर एक ओळ ठळक छापा: "कमान म्हणजे एकच अक्षर, मींड नव्हे."

---

वाघूर

पेटीवाले काकांशी सहमत, पण एका जागी जुनी रीत सोडू नये असं वाटतं. गाण्याच्या सुरुवातीला एकट्या गायिकेची, मोकळ्या लयीतली, एकदाच येणारी ओळ असते. तिथे दुसरं कडवं नाही, मात्रेचा पक्का गट नाही, आणि एका अक्षरावर ५-६ स्वर फिरतात. तिथे सुटे स्वर आणि बांधलेले स्वर हा फरक गाणारीला चटकन कळतो. समूहाच्या भागात नवी रीत, आलापाच्या ओळीत जुनी.

---

तापीकाठ

पेटीवाले काका, कडव्यांचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. मी पहिल्याच कडव्याचे शब्द बसवून पाहत होतो.

मग दुसऱ्या कडव्यात "बा" आणि "ई" वेगळे कसे पाडायचे? स्लर आहे म्हणजे लिलीपॉन्ड दोन्ही स्वर एकाच अक्षराला देणार. आणि मात्रेप्रमाणे बीम ठेवायचा तर तालांसाठी काय द्यावं? केरव्याशिवाय दादरा आहे, एक गाणं रूपकमध्ये आहे.

---

भुसावळ_जंक्शन

दोन रस्ते आहेत.

पहिला, फरक मोजक्या जागी असेल तर. दुसऱ्या कडव्याच्या शब्दांत:

का -- न -- (सेट इग्नोरमेलिस्माटा = ##टी) बा -- ई -- (अनसेट इग्नोरमेलिस्माटा) ना रो -- ट

गोल कंस इथे फक्त दाखवायला, फाईलमध्ये नकोत. या आज्ञेला "वन्स" लावून चालत नाही. सेट केलं की अनसेट करावंच लागतं, विसरलात तर पुढचे सगळे स्लर दुर्लक्षित होऊन "रो"चे दोन स्वर फुटतात आणि "ट" एक स्वर अलीकडे येतो. तो स्लर काही कडव्यांनाच लागू आहे हे दाखवायला त्या जागी स्लरडॅश्ड देऊन तुटक कमान काढा, लगेच पुढे स्लरसॉलिड देऊन परत सलग करा.

दुसरा रस्ता, कडवी ५-६ आणि प्रत्येकात फरक. तुमच्या कामाला हाच. मेलिस्माबिझीप्रॉपर्टीजची यादी रिकामी करा किंवा फक्त टायमेलिस्माबिझी ठेवा. आता स्लर आणि बीम दोन्ही शब्दांना बांधत नाहीत. कुठे अक्षर लांबतं ते प्रत्येक कडव्याच्या शब्दांतच एका अंडरस्कोअरने सांगायचं:

आ -- खा -- जी -- _ ना झो -- _ का
का -- न -- बा -- ई -- ना रो -- _ ट

हा अंडरस्कोअर म्हणजे काकांचा अवग्रहच समजा, त्याच जागी येतो. यादी पूर्ण रिकामी केली तर टायच्या दुसऱ्या स्वरालाही अंडरस्कोअर द्यावा लागतो, म्हणून टाय ठेवलेला बरा.

दोन सावधगिऱ्या. एक अंडरस्कोअर म्हणजे "हा स्वर मागच्या अक्षराचा", दोन सलग अंडरस्कोअर म्हणजे शब्दाच्या शेवटी छापायची लांब रेघ. गल्लत करू नका. आणि दोन हायफन किंवा दोन अंडरस्कोअर यांच्या दोन्ही बाजूंना जागा सोडा, नाहीतर ते अक्षराचाच भाग म्हणून छापले जातात.

आता ताल.

केरवा ४/४ मध्ये: लिलीपॉन्ड आठांश आपोआप ४+४ बांधतं आणि केरव्याचे विभागही ४+४ आहेत, काही करू नका. दोन-दोनांचे गट हवेत तर टायमिंगचे बीमएक्सेप्शन्स रिकामे करा, मग पाव-पाव स्वराएवढे गट पडतात.

दादरा: ६ मात्रा, ३+३. तो ६/८ मध्ये लिहा. अनेक जण तीन पावांचा ३/४ घेतात, मग ६ आठांश एकाच बीमखाली जातात आणि विभाग दिसतच नाही.

रूपक: ७ मात्रा, ३+२+२. टाइमच्या आज्ञेतच गट लिहिता येतात: टाइम ३,२,२ ७/८. झपताल लागला तर टाइम २,३,२,३ १०/८.

बीमची कोणतीही सेटिंग टाइमच्या आज्ञेनंतर लिहा. टाइम आली की ती आधीचं सगळं पुसून त्या तालाचं मूळ वळण परत आणते. ताल मधेच बदलला असेल तर सेटिंगही परत लिहावी लागते.

---

लळिंग_धुळे

वाघूरताईंच्या आलापाच्या ओळीसाठी, आणि ज्यांना सगळीकडे जुनी रीतच हवी त्यांच्यासाठी: कंस हाताने टाकायची गरज नाही. स्लर टाकलेले असतील तर त्यांवरून बीम काढणारं छोटं फंक्शन स्कीममध्ये (लिलीपॉन्डच्या आतल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत) लिहिता येतं. मांडणी सांगतो.

स्वरांची यादी ओळीने वाचायची. प्रत्येक स्वराच्या आर्टिक्युलेशन्समध्ये स्लरइव्हेंट आहे का पाहायचं. त्याची स्पॅन-डिरेक्शन -१ असेल तर स्लर सुरू, १ असेल तर बंद. सुरू ते बंद यांमधले स्वर गोळा करायचे. त्यांत ज्यांचा ड्युरेशन-लॉग ३ किंवा त्याहून मोठा (३ म्हणजे आठांश, ४ म्हणजे सोळांश), अशा सलग स्वरांचे तुकडे पाडायचे. तुकड्यात दोन किंवा जास्त स्वर असतील तर पहिल्याला बीमइव्हेंट -१, शेवटच्याला बीमइव्हेंट १. एकटाच स्वर असेल तर काही नाही, तो शेपटीसह सुटा राहतो. पाव स्वर किंवा विश्रांती मधे आली की तुकडा तिथेच तोडायचा.

कुठे अडतं ते आधीच सांगतो. फंक्शनला बार कुठे संपतो हे कळत नाही. प्रत्येक बारच्या शेवटी उभी रेघ, म्हणजे बारचेक, टाकायची सवय असेल तर ती यादीत वेगळा घटक म्हणून येते, आणि तिच्यापाशी तुकडा तोडायला फंक्शनला सांगता येतं. बारचेक नसेल तर बीम रेघ ओलांडून जातो. स्वरसंघ असतील तर स्लर स्वराच्या नव्हे, संघाच्या एलिमेंट्समध्ये सापडतो, तिकडेही पाहावं लागतं. कणस्वरांचे ग्रेस गट फंक्शनमधून वगळा, ते आपले वेगळे बांधलेले बरे.

ज्यांच्याकडे फिनाले या स्वरलिपीच्या प्रोग्राममधल्या जुन्या फाईली आहेत त्यांच्यासाठी: फिनालेत "रीबीम टू लिरिक्स" ही सोय होती, शब्दांवरूनच बीम लावणारी. फिनालेचा विकास थांबवल्याचं मेकम्युझिकने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा प्रोग्राम चालतो आहे तोवर फाईली म्युझिकएक्सएमएलमध्ये (वेगवेगळ्या प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या स्वरूपात) काढून ठेवा. त्यात दर स्वराला बीम सुरू, चालू की बंद हे लिहिलेलं असतं. लिलीपॉन्डच्या म्युझिकएक्सएमएल-टू-एलवायने आणलं की ते गट हाताने लिहिलेले बीम म्हणून येतात. ते नको असतील, मात्रेप्रमाणेच हवे असतील, तर आणताना नो-बीमिंग हा पर्याय द्या.

---

केळीबाग_रावेर

बीमचं झालं, आता त्याखालच्या अक्षरांचं बोलू. तिथे चुकलं तर वरचं सगळं वाया जातं.

लिलीपॉन्ड प्रत्येक अक्षर स्वतंत्र तुकडा म्हणून टंकाकडे पाठवतं. म्हणून जोडाक्षर मधून तोडू नका. "रस्ता" हा शब्द "रस् -- ता" असा लिहिला तर पहिल्या तुकड्यात "स"चा पाय मोडलेला छापून येतो. "र -- स्ता" लिहा. तसंच "प -- क्षी", "अ -- क्ष -- य्य". गाताना अर्धा "स" आधीच्या स्वराच्या शेवटी उच्चारला जातो हे खरं, पण मुलांना ते सांगावं लागत नाही, ती देवनागरी वाचतात.

"वाऱ्यावर" मधला अर्धा र नीट पाहा. तो नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग य असा टंकायचा: वा -- ऱ्या -- व -- र. साधा र वापरला तर "र्या" होऊन रफार डोक्यावर चढतो. वेगळा शब्द वाचला जातो.

शब्दाच्या शेवटच्या "अ"चा निर्णय आधीच घ्या. काकांच्या ओळीत "रो ऽ ट" आहे, म्हणजे "ट"ला स्वतःचा स्वर. तो पूर्ण "ट" म्हणून गायचा असेल तर असंच. बोलण्यातल्यासारखा "रोट्" म्हणायचा असेल तर "रोट" एकाच तुकड्यात लिहून लगेच पुढे दोन सलग अंडरस्कोअर देऊन लांब रेघ काढा, आणि मग पुढच्या दोन्ही स्वरांना एकेक अंडरस्कोअर द्या. दोन कडव्यांत दोन तऱ्हा असतील तरी चालतं, पण एकाच कडव्यात सरमिसळ नको.

टंक: लेआउटमध्ये लिरिक्सच्या कॉन्टेक्स्टला लिरिकटेक्स्टचं फॉन्ट-नेम "नोटो सेरिफ देवनागरी" असं द्या. नाव संगणकावर जसं नोंदलंय तंतोतंत तसंच हवं. लिलीपॉन्डला शो-अव्हेलेबल-फॉन्ट्स हा पर्याय दिला की यादी मिळते. फाईल यूटीएफ-८ मध्येच जतन करा. छापखान्याकडून आलेले जुन्या टंकांतले शब्द थेट चिकटवू नका, ते युनिकोड नसतात, आधी रूपांतर करून घ्या.

कडव्यांमधली जागा: वरच्या कडव्याचे उकार आणि खालच्या कडव्याच्या वेलांट्या एकमेकींत घुसतात. रोमन शब्दांसाठी ठरवलेलं अंतर देवनागरीला पुरत नाही. लिरिक्सच्या कॉन्टेक्स्टमध्ये व्हर्टिकलअ‍ॅक्सिसग्रुपच्या नॉनस्टाफ-नॉनस्टाफ-स्पेसिंगचं मिनिमम-डिस्टन्स वाढवा आणि "कू"खाली "रि" येईल अशी जागा शोधून तिथे तपासा. ती जागा सुटली की बाकी पान सुटतं.

---

वाघूर

केळीबाग भाऊ, उकाराची गोष्ट म्युझस्कोअरलाही लागू. फॉरमॅटमधल्या स्टाइलमध्ये लिरिक्सचा टंक आणि ओळींची उंची दोन्ही बदलावी लागतात. टंक बदलला आणि उंची विसरली तर तिसऱ्या कडव्यापासून वाचवत नाही.

---

तापीकाठ

काल रात्री पहिली ३ गाणी नव्या मांडणीत घातली. झालं ते असं.

कॉयरस्टाफवरचं ऑटोबीमिंग = ##एफ काढलं, समूहाचा भाग मात्रेप्रमाणे. मेलिस्माबिझीप्रॉपर्टीजमध्ये फक्त टाय. स्लर पहिल्या कडव्याप्रमाणे, जिथे दुसरीकडे अक्षरं फुटतात तिथे तुटक. सगळ्या कडव्यांत अंडरस्कोअर. केरव्याची ओळ आता ४+४ दिसते. "झो"चा स्लर बीमच्या आत सहाव्या-सातव्या स्वरावर येतो, आणि "का" ऑफ-बीटला पडतो हे पहिल्यांदा डोळ्याला दिसलं. सुट्या शेपट्यांत ते दिसत नव्हतं.

आलापाच्या ओळीपुरतं आवाजात ऑटोबीमऑफ, ओळ संपली की ऑटोबीमऑन. लळिंग भाऊंच्या मांडणीचं फंक्शन तेवढ्याच भागावर लावलं. तिथे एक चूक निघाली: मोकळी लय म्हणून बारचेक नव्हते, आणि ७ स्वरांची फिरत एकाच बीमखाली गेली. वाचायला जड. स्लर एकच ठेवून बीम ४ आणि ३ असा हाताने तोडला. शब्द हलले नाहीत, कारण ते आता बीमवर टांगलेले नाहीत.

शेवटचा प्रश्न. दोन आवाज बराच वेळ सारखेच गातात, म्हणून ते पार्टकम्बाइनने एका स्टाफवर घेतले. आलापात दुसरा आवाज खर्जावर आठांशांत आहे. तिथे पहिल्याचे बीम सुटले, दुसऱ्याचे बांधलेलेच राहिले. शिवाय शब्द लागतच नाहीत.

---

भुसावळ_जंक्शन

पार्टकम्बाइन आतल्या आत आवाजांची अदलाबदल करतं. कधी दोघांचा एक आवाज, कधी वेगळे दोन, कधी एकल. ऑटोबीमऑफ कोणत्या क्षणी कोणत्या आवाजाला लागलं हे सांगणं कठीण होतं, म्हणून एक सुटतो आणि एक राहतो. तिथे आवाजाची आज्ञा वापरूच नका. आलाप सुरू होताना सेट स्टाफ.ऑटोबीमिंग = ##एफ, संपताना ##टी. स्टाफवर सांगितलं की आत कितीही आवाज बदलले तरी सगळे ऐकतात. फक्त आवाजात आधी लिहिलेलं ऑटोबीमऑन आणि ऑटोबीमऑफ काढून टाका. जवळच्या पातळीवरची आज्ञा वरच्या पातळीला मागे सारते, आणि एक विसरलेलं ऑटोबीमऑन सगळं परत बांधून टाकतं.

शब्दांसाठी त्याच स्टाफमध्ये एक नलव्हॉइस घ्या. त्यात पहिल्या आवाजाचे स्वर घाला. तो छापला जात नाही, पण शब्द त्याला लावता येतात. लिरिक्सटूमध्ये त्याचंच नाव द्या. मेलिस्माबिझीप्रॉपर्टीजची आज्ञा आता या नलव्हॉइसच्या सुरुवातीला हवी, जुन्या आवाजात राहिली तर तिचा उपयोग नाही. दुसरा आवाज वेगळे शब्द गात असेल तिथे पार्टकम्बाइन सोडा आणि दोन साधे आवाज घ्या.

---

तापीकाठ

नलव्हॉइसने झालं. शब्द पहिल्या आवाजाखाली बरोबर बसले, खर्जाचे आठांशही सुटले. चौथ्या कडव्यात एक अंडरस्कोअर जास्त पडला होता, तेवढा काढला. बाकीची गाणी याच साच्यात घालतोय. साचा फाईल धाग्याला जोडतो, ज्याले लागी त्यानी ल्या.

---

पेटीवाले_अमळनेर

साचा पाहिला. पहिल्या पानावर "कमान म्हणजे एकच अक्षर" ही ओळ आली आहे, छान. तिच्याखाली तुटक कमानीचा अर्थही एका ओळीत द्या: "तुटक कमान म्हणजे काही कडव्यांत एक अक्षर, काहींत दोन. आपल्या कडव्याची ओळ पाहा." आणि पेटीच्या स्टाफवर दादऱ्याच्या गाण्यात अजून ३/४ राहिलंय. गाणाऱ्यांचं ६/८ केलंत, तिथेही करा. नाहीतर पेटीचे ६ एका बीमखाली आणि गाणाऱ्यांचे ३-३, असं एकाच पानावर दिसतंय.

---

तापीकाठ

बदललं. पेटीचा ताल वेगळ्या चलात होता, म्हणून सुटला होता. आता एकाच चलातून दोघांना जातो.